एकेचाळीस झाडं आणि एक शनिवार

ऐन सुम्माक गावात रस्मियाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. गावचा मुख्तार, म्हणजे पाटीलच, तोसुद्धा ती समोरून येताना दिसली की गल्ली बदलायचा. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण आवाज खणखणीत. मशिदीचा भोंगा बंद पडला तर रस्मियाला अंगणात उभं करा, असं लोक म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे.

सतराव्या वर्षी ती या गावात सून म्हणून आली. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यानं तिला दक्षिणेच्या उतारावर नेलं आणि एकेचाळीस जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं दाखवली. "घर माझ्या मुलाचं, झाडं तुझी," म्हातारा म्हणाला. त्याला बहुधा गोड काहीतरी बोलायचं होतं. रस्मियानं ते मालकीहक्काचं बोलणं धरलं आणि त्या दिवसापासून नवऱ्यालासुद्धा तिला विचारल्याशिवाय फांदी तोडता येईना. तिनं झाडांना नावं दिली होती. एक काझी, एक आंधळी, एक नवरी. नवरी एक वर्षाआड रुसायची, फळ धरायची नाही, आणि त्या वर्षी रस्मिया तिच्याशी बोलायची नाही.

नवरा सुलेमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा फव्वाज कुवेतला, लोकांच्या घरातले एसी दुरुस्त करायला. घरात रस्मिया आणि तिची सून इब्तिहाल. दोघींचं पटायचं, म्हणजे रोज भांडण व्हायचं आणि रोज एका ताटात जेवण व्हायचं.

झाडांच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, यहुद्यांची नवी वस्ती उभी राहिली. आधी पाण्याची एक टाकी आली, मग राहायचे दोन पत्र्याचे डबे, मग झेंडा, मग रस्ता. पहिल्या वर्षी वरून दगड आले आणि शेजारणीच्या, खितामच्या, डोक्याला सात टाके पडले; झाडं तशीच राहिली. दुसऱ्या वर्षी झाडांकडे जायची लष्कराची परवानगीच अशी उशिरा आली की फळं गळून मातीत मिसळली होती. आणि आता तिसरं वर्ष होतं. सलग तीन वर्षं हात न लागलेली जमीन पडीक ठरवून ताब्यात घ्यायची, असा एक जुना कायदा आहे. तो सगळ्या गावाला पाठ होता. वकिलानं इब्तिहालला स्पष्ट सांगितलं होतं: या मोसमात झाडं उतरवली नाहीत, तर पुढच्या मोसमात ती तुमची नसतील.

परवानगी आली ती एका दिवसाची. शनिवार, सूर्योदयापासून चार वाजेपर्यंत.

"एका दिवसात एकेचाळीस झाडं! आणि आपण दोघी!" रस्मिया कागद नाचवत म्हणाली. "मी काय माकड आहे, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारायला?"

गावातलं कुणी वर यायला तयार नव्हतं. खितामचे टाके सगळ्यांनी पाहिले होते. शेवटी इब्तिहालनं एका मंडळाला फोन केला. जेरुसलेमचे, हैफाचे यहुदी लोक होते ते. शहरात चौकात फलक घेऊन उभे राहायचे आणि मोसमात गावोगाव येऊन शेतकऱ्यांबरोबर झाडं उतरवायचे.

"म्हणजे यहुद्यांनीच घालवायचं आणि यहुद्यांनीच राखायचं?" रस्मिया म्हणाली. "हा काय खेळ लावलाय?"

"काकी," इब्तिहाल सासूला म्हणाली, "अडतीस जण येतायत. तुमच्याकडे दुसरे अडतीस असतील तर सांगा."

रस्मियाकडे नव्हते. तिनं कागदाची घडी घातली आणि भांडण अर्ध्यावर सोडलं. हे क्वचितच घडायचं.

शुक्रवारी दुपारी त्यांतले आठ जण आले. बाकीचे तीस शनिवारी सकाळी बसनं येणार होते. हे आठ भाविक होते. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत गाडीत बसायचं नाही. म्हणून आदल्या दिवशीच येऊन राहणार. पाच पुरुष, तीन बायका. त्यांत सगळ्यात मोठे नईम शाशूआ, वय सत्त्याहत्तर, जेरुसलेमला जन्मभर पुस्तकांच्या बांधणीचं काम केलेले. त्यांनी तोंड उघडलं आणि इब्तिहालला हसू आवरेना. अस्सल बगदादी अरबी! तीही सत्तर वर्षांपूर्वीची.

"हे कुठलं बोलणं?" रस्मियानं विचारलं. "माझी आजी असं बोलली असती तर आजोबांनी तिला माहेरी पाठवलं असतं."

"माझी आजी असंच बोलायची, हज्जा," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं नईम म्हणाले. "आणि आजोबा तिला घाबरून असायचे."

रस्मियाला उत्तर आवडलं. पण तिनं तसं दाखवलं नाही.

जेवायला तिनं मुसख्खन केलं होतं, भरपूर कांदा आणि आंबट सुमाकाची पूड घालून, भाकरीवर भाजलेली कोंबडी. पाहुण्यांनी कोंबडीला हात लावला नाही. आपापल्या पिशव्यांतून उकडलेली अंडी काढली. नईमकडे कैरीच्या पिवळ्या लोणच्याची बाटली होती. बगदादचे यहुदी त्याला अंबाच म्हणतात. बरोबर रस्मियाच्या घरचे कच्चे टोमॅटो, कांदा आणि मुरवलेली जैतुनं मात्र त्यांनी मनापासून खाल्ली.

"मी डुक्कर नाही शिजवलंय," रस्मिया म्हणाली.

"ठाऊक आहे हो. पण आमचा खाटीक वेगळा, भांडी वेगळी. देवानं आम्हाला फार कटकटीचं करून ठेवलंय."

"देवानं एकट्यानं नसेल केलं," रस्मिया म्हणाली, आणि टोमॅटो आणखी चिरायला उठली.

जेवताना तिनं विचारलंच, की तुम्हाला या उठाठेवीची गरज काय. नईमनी सरळ सांगितलं. सात वर्षांचे असताना बगदाद सुटलं. एक ट्रंक, आणि अंगणातला खजूर मागे. कुणी विचारलं नाही, जायचंय का. "घर असं जातं ते मी पाहिलंय. माझ्या नावानं आणखी कुणाचं जाऊ नये, एवढंच." दर शुक्रवारी सकाळी ते चौकात फलक घेऊन उभे राहत. लोक थुंकायचे. सिनेगॉगमध्ये चाळीस वर्षं शेजारी बसणारा मित्र हल्ली जागा बदलून बसत होता. हे सांगताना त्यांनी अंड्यावर लोणचं जरा जास्तच ओतलं. रस्मियानं ते पाहिलं आणि टोमॅटोची ताटली त्यांच्याकडे सरकवली.

शनिवारी पहाटे बातमी आली. मोठ्या रस्त्यावर लष्करानं बस अडवली. तीसच्या तीस माणसं परत पाठवली.

रस्मियानं शेंदरी होत चाललेल्या आभाळाकडे पाहून एक लांब शिवी हासडली. मग म्हणाली, "आठ तर आठ. आणि आम्ही दोघी. चला."

उतारावर पोचल्यावर तिनं नवरीखाली ताडपत्री अंथरली, फळं ओरबाडायची एक फणी नईमच्या पुढे धरली आणि म्हणाली, "घ्या. खालच्या फांदीपासून सुरू करा. पानं कमी तोडा."

नईमनी हात पुढे केला नाही.

"घ्या ना!"

"हज्जा," नईम म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "आज शब्बाथ. आज आम्हाला फळ तोडता येत नाही."

रस्मियाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तिनं तिर्झाकडे पाहिलं. तिर्झा ही हैफाची सुईण, तिशीतली, दंडांनी चांगली भक्कम. तिर्झानंही मान खाली घातली.

"एक फळसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

"बरं, मग पोती उचला."

"उघड्यावर ओझं वाहायचं नाही."

"शिडी धरा!"

"शिडी... शिडीबद्दल आमच्यात दोन मतं आहेत," नईम म्हणाले.

"आणि फोन? वरची पोरं आली तर चित्र काढायला फोन तरी?"

"फोन घरी ठेवलेत."

मग रस्मियाचं तोंड सुटलं. ते सगळं इथं लिहिता येणार नाही. सार एवढंच, की तिच्याकडे अडतीस माणसं यायची होती, आली आठ, आणि देवानं निवडून निवडून नेमकी हातपाय नसलेली पाठवली. "लग्नाला आलात की काय? फेटे बांधू? मांडव घालू? नवरदेवासारखे नुसते बसायला आलात!"

"सांगितलं का नाही?" इब्तिहालनं रडकुंडीला येऊन विचारलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार," तिर्झा म्हणाली. "काम बसमधले करणार होते. आम्ही फक्त इथं असायचं, म्हणजे तुम्ही एकट्या नसाल, असं ठरलं होतं."

"असायचं!" रस्मियानं फणी नवरीच्या बुंध्यावर आपटली. "धोंडेपण आहेत इथं. तेपण नुसतेच असतात."

रस्मियानं फणी उचलली आणि खालच्या फांदीला लागली. इब्तिहाल शिडीवर चढली. टपटप फळं पडू लागली. पण दोन बायका आणि एकेचाळीस झाडं. हिशेब दोघींनाही कळत होता. संध्याकाळपर्यंत फार तर पाच. उरलेली छत्तीस पडीक.

साडेआठच्या सुमाराला वरून हाका ऐकू आल्या. वस्तीतले सहा-सात तरुण खाली येत होते. पांढरे सदरे, शब्बाथचे. त्यांच्यात एक दाढीवाला, जरा मोठा. पुढच्याच्या हातात काठी होती.

उतारावर यायला वरून एकच वाट होती. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला पुरुषभर खोल कडा, मध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढी रुंदी. इब्तिहाल शिडीवरून उतरली आणि रस्मियाचा हात घट्ट धरून उभी राहिली.

नईमनी वाटेकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "सकाळची प्रार्थना व्हायचीय माझी," ते तिर्झाला म्हणाले.

"माझीसुद्धा," तिर्झा म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिर्झाच्या लक्षात आलं.

नईम सरळ चालत वाटेच्या तोंडाशी गेले. अंगावरची प्रार्थनेची पांढरी शाल डोक्यावर ओढली. पाय जुळवले. जेरुसलेम तिथून दक्षिणेला, वस्तीही दक्षिणेलाच. म्हणजे प्रार्थनेला तोंड केलं तेच मुळी येणाऱ्यांकडे. त्यांच्या डावीकडे तिर्झा उभी राहिली, उजवीकडे आणखी दोघं. बांधापासून कड्यापर्यंत वाट भरली. उरलेले चौघं मागच्या रांगेत थांबले.

ही प्रार्थना उभ्यानं आणि मुक्यानं करायची. एकदा सुरू केली की पाऊल हलवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, राजा आला तरी सलाम नाही. आणि ती करणाऱ्याच्या पुढे चार हातांच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. हा नियम वरून येणाऱ्यांना नईमइतकाच पाठ होता. लहानपणापासून.

काठीवाला आला तो तावातावानं. नईमपासून पाच-सहा हातांवर आला आणि थबकला. मागचे त्याच्या पाठीवर आदळले.

"बाजूला व्हा!" तो ओरडला. "गद्दारांनो!"

नईमचे ओठ हलत होते. डोळे मिटलेले होते.

"ऐकू येत नाही का, म्हाताऱ्या?" त्यानं एक पाऊल उचललं. तेवढ्यात दाढीवाल्यानं त्याची बाही धरली.

"थांब. प्रार्थना चाललीय."

"नाटक आहे नाटक!"

"असेल. पण तो काय म्हणतोय ते तुला ऐकू येतंय का? नाही ना? मग तुला काय ठाऊक? थांब म्हणतो ना!"

रस्मिया हे सगळं नवरीखालून पाहत होती. त्यांची भाषा तिला अर्धीमुर्धीच कळायची. पण काय चाललंय हे तिला सांगावं लागलं नाही. नमाजीच्या पुढून जायचं नसतं, हे तिनं फव्वाजला तीन वर्षांचा असताना कान पिळून शिकवलं होतं. आणि ही माणसं उभी होती तीसुद्धा दक्षिणेकडे तोंड करून. ती रोज पाच वेळा जिकडे तोंड करते तिकडेच.

"या अल्लाह," ती पुटपुटली. "हे धोंडे नाहीत गं, इब्तिहाल. ही भिंत आहे."

मग ती मागे वळली, गावाकडे तोंड केलं, आणि त्या प्रसिद्ध आवाजात ओरडली. मशिदीच्या भोंग्याची खरंच गरज पडली नाही. "खिताम! अगं ए खिताम! टाके वाळले की नाही तुझे? घराघरांत दडून बसलेल्या बायांनो, इथं यहुद्यांची लेक माझ्यासाठी वाट अडवून उभी आहे आणि तुम्ही मसूर निवडताय? लाजा नाहीत? पोती घेऊन या! शिड्या घेऊन या!"

गच्च्यांवर आधी डोकी दिसली. लोकांनी पाहिलं: वाटेवर रांग उभी आहे, पलीकडे पांढरे सदरे खोळंबलेत, आणि दगड एकही येत नाहीये. पहिली आली ती खिताम. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधून, खांद्यावर शिडी. तिच्या मागे तिच्या दोन जावा. मग पाटाच्या पलीकडच्या घरातल्या सगळ्या. मग पुरुष. मुख्तारही आला, आणि आपण आधीपासून यायच्याच बेतात होतो असं प्रत्येकाला सांगत सुटला.

एकेका झाडाला चार-चार माणसं भिडली. फण्या फिरू लागल्या, ताडपत्र्यांवर हिरव्या-काळ्या फळांचा थर चढू लागला. बायकांनी गाणी धरली. झाड रिकामं झालं की इब्तिहाल वकिलासाठी त्याचा फोटो काढायची आणि पुढे पळायची. आंधळी संपली. काझी संपला, आणि काझीनं एकट्यानं चार पोती दिली.

वाटेवर एकाची प्रार्थना संपली की तो तीन पावलं मागे सरायचा आणि मागच्या रांगेतला त्याच्या जागी उभा राहायचा. सकाळची झाली, मग शब्बाथची जादा असते ती झाली. कुणी घाई केली नाही. एकेक शब्द चावून म्हटला. तरुण कंटाळून दगडांवर बसले. दाढीवाला बराच वेळ नईमकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "जेवायची वेळ झाली," आणि उठला. एकेक करून सगळे त्याच्या मागे गेले. काठीवाला सगळ्यात शेवटी गेला.

दुपारी सावलीत रस्मिया पाण्याचं मडकं घेऊन नईमकडे आली. त्यांनी मडकं उचललं नाही, म्हणून तिनंच पेल्यात ओतून पेला त्यांच्या तोंडाशी धरला.

"सकाळी बोलले ते..." ती म्हणाली.

"काय बोललात? तुमची अरबी मला कुठे कळते," नईम म्हणाले.

पावणेचारला एकच झाड उरलं. वाटेच्या तोंडाशी असलेलं, सुलेमाननं लहानपणी स्वतःच्या हातानं लावलेलं. फांद्या वाकलेल्या होत्या. चारच्या ठोक्याला वरच्या रस्त्यावर लष्कराची जीप थांबली आणि अधिकारी दोन शिपायांसह खाली आला. तरुण होता, डोक्यावर भाविक यहुद्यांची विणलेली छोटी टोपी; लष्करी कामाला शब्बाथची सूट असते. नईम दुपारच्या प्रार्थनेला उभे राहिले होते. बरोबर तिर्झा, बरोबर ते दोघं. बांधापासून कड्यापर्यंत.

"चार वाजले," अधिकारी मोडक्या अरबीत ओरडला. "काम बंद! सगळे खाली!"

शिडीवरच्या इब्तिहालचे हात थांबले. सगळा उतार थांबला. आणि रस्मिया, तिच्या मोडक्या गुडघ्यांनिशी, तरातरा पुढे आली. रांगेच्या कडेला, बांधाशी उभी राहिली, बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे वटारले.

"श्श! माणूस देवाशी बोलतोय, दिसत नाही? आई-बापांनी एवढंपण शिकवलं नाही तुला?"

"हज्जा, चारची परवानगी..."

"ये मग. ये ना! तुझ्याच धर्माचा माणूस आहे, तुझीच प्रार्थना आहे. जा त्याच्या पुढून तुडवत. मी बघते. सगळं गाव बघतंय."

अधिकाऱ्यानं नईमकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे पाय थरथरत होते. सकाळपासून उभं राहून पोटऱ्यांत गोळे आले होते. पण पाय जुळलेले होते. शालीखाली ओठ हलत होते, शब्दागणिक. अधिकाऱ्याचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला. मग त्यानं शिपायांना खूण केली आणि तो होता तिथंच उभा राहिला.

मागे वळून न पाहता रस्मियानं पाठीमागे हात नेला आणि बोटं हलवली: चालू दे. इब्तिहालनं फणी उचलली. खिताम दुसऱ्या बाजूनं चढली. आता गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं. नुसता फळांचा आवाज. चार वाजून पाच मिनिटं, दहा मिनिटं. नईम सगळ्यांसाठी जे जे मागायचं ते मागत होते आणि त्यांच्याकडे मागण्यासारखं पुष्कळ होतं.

"काकी," वरून इब्तिहालचा आवाज आला. "झालं. एकेचाळीस."

नईमनी तीन पावलं मागे घेतली. तिसऱ्या पावलाला ते कोलमडलेच असते, पण तिर्झानं एका बाजूनं आणि मुख्तारानं दुसऱ्या बाजूनं धरलं. खितामनं जीभ टाळ्याला लावून आनंदाची लांबच लांब किलकारी दिली आणि सगळ्या बायकांनी ती उचलली. टेकडीच्या माथ्यापर्यंत ती नक्की पोचली असणार.

रस्मियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं फणी पुसली, कमरेला खोचली, आणि अधिकाऱ्याकडे वळली.

"काय रे पोरा, चार वाजले म्हणत होतास ना? मग उभा काय राहिलायस? सरक त्या बांधाकडे. माझी पोती इथून उचलून न्यायचीत."

आणि तो सरकला.